वेताळ, वटवाघूळ आणि संतांची पूर्वसंध्या

ऑक्टोबर महिना सरत आला, की अलीकडे धर्मग्रामातील आईवडिलांकडून एक प्रश्न आम्हांस हटकून विचारला जातो : मुलांनी भुताखेतांच्या चित्रकथा वाचाव्यात काय? शाळेत वा वसाहतीत हॅलोविनच्या सोंगांचा कार्यक्रम ठरलेला असतो, घरात बॅटमॅनचे एखादे इंग्रजी पुस्तक आलेले असते, आणि पालक बुचकळ्यात पडतात. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. कारण त्यामागे मोठा इतिहास आहे. त्यात रोमचे परमगुरू आहेत, आयर्लंडचे स्थलांतरित आहेत, मुंबईचा छापखाना आहे आणि आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील वेताळमाळही आहे.

प्रथम नावाचाच विचार करू. जुन्या इंग्रजीत संताला ‘हॅलो’ म्हणत. सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या ती हॅलोविन. इसवी सन ६०९ च्या सुमारास, १३ मे या दिवशी, परमगुरू चौथे बोनिफेस यांनी रोममधील पँथिऑन हे सर्व दैवतांचे मंदिर पवित्र मरिया व सर्व रक्तसाक्षी यांच्या नावे अर्पण केले. पुढे आठव्या शतकात परमगुरू तिसरे ग्रेगरी यांनी संत पेत्राच्या महामंदिरात सकल संतांसाठी एक प्रार्थनास्थळ उभारले, आणि ८३५ साली चौथ्या ग्रेगरींच्या काळात १ नोव्हेंबरचा सण फ्रँकांच्या साम्राज्यभर पाळला जाऊ लागला.

आयर्लंडच्या केल्टिक लोकांचा ‘साविन’ नावाचा ऋतुपालटाचा सण याच सुमारास येई. तो मोडून काढण्यासाठीच ख्रिस्तसभेने ही तारीख निवडली, असे पुष्कळदा छापून येते. हे विधान तपासून घ्यावे असे आहे. जुन्या आयरिश संतसूचीत सकल संतांचा सण एप्रिल महिन्यात आढळतो. १ नोव्हेंबरचा उल्लेख सन ८०० च्या आसपास इंग्लंड व जर्मनीकडे मिळतो. तेव्हा ही तारीख आयर्लंडातून आली असे छातीठोकपणे सांगता येत नाही. दोन सण शेजारी आले आणि शेजारधर्माने त्यांच्या चालीरीती एकमेकींत मिसळल्या, एवढेच म्हणणे रास्त होय.

दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओडिलो यांनी २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांच्या स्मरणाचा दिवस ठरवला. मध्ययुगीन इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब आणि मुले दारोदार जात, घरची माणसे त्यांना ‘आत्म्यांची पोळी’ म्हणून गोड वडी देत, आणि घेणारा त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचे वचन देई. आज हॅलोविनच्या रात्री दारात उभी राहून गोळ्या-चॉकलेटे मागणारी मुले या जुन्या रिवाजाची दूरची वारस आहेत. आयर्लंडात १८४५ नंतर मोठा दुष्काळ पडला आणि लाखो कॅथलिक कुटुंबे अमेरिकेस गेली. मायदेशी ती सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. तिकडे भोपळा मिळाला. खाऊ राहिला, दिवा राहिला. प्रार्थनेचे वचन मात्र वाटेत गळून पडले. १९५५ साली परमगुरू बारावे पायस यांच्या काळात उपासना-पंचांगाची सुधारणा झाली, तीत सकल संतांच्या पूर्वसंध्येचा विधीही वगळण्यात आला. सण कायम राहिला; रिकामी झालेली संध्याकाळ बाजाराने भरून काढली.

आता प्रस्तुत पुस्तकाकडे वळू. बॅटमॅन हा वटवाघळाचे रूप घेणारा नायक अमेरिकन चित्रकथेत १९३९ साली अवतरला. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे जनक. लेखक जेफ लोब आणि चित्रकार टिम सेल या जोडीने १९९३, १९९४ व १९९५ या तीन वर्षी हॅलोविननिमित्त त्याचे एकेक विशेषांक काढले. हे तिन्ही १९९६ साली ‘हॉन्टेड नाइट’ या नावाने एकत्र प्रसिद्ध झाले. कथांची नावे भीती, उन्माद आणि भुते अशा अर्थाची आहेत.

पहिल्या कथेचा खलनायक आहे बुजगावणे. शेतातले बुजगावणे पाखरांना भिववते. हा माणसांना भिववणारे विष तयार करतो. दुसऱ्या कथेत ‘ॲलिस’च्या गोष्टीतील वेड्या टोपीवाल्याच्या वेषातला गुन्हेगार मुले पळवतो आणि त्यांना त्या गोष्टीतील पात्रे बनवून चहाला बसवतो. पळवलेल्यांत पोलीस अधिकारी गॉर्डन यांची मुलगीही असते. आईने लहानपणी हीच गोष्ट वाचून दाखवली होती, ही आठवण नायकाच्या मनात जागी होते. तिसरी कथा चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ सालच्या नाताळकथेवर बेतलेली आहे. मृत पित्याचा आत्मा मुलाला सावध करतो. त्यानंतर भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य यांची तीन भुते येऊन त्याला त्याचे एकाकी जिणे दाखवतात. जागा झाल्यावर तो आपल्या संपत्तीतून लोकोपयोगी संस्था उभी करण्याचे ठरवतो.

आमचे मत विचाराल तर पहिली कथा सर्वांत दुबळी आहे. तीत सावल्या पुष्कळ, परंतु भीतीपलीकडे हाती काही लागत नाही. लहान मुलांना ती देऊ नये. दुसरी हृदयाला हात घालते. तिसरीचा सांगाडा उसना असला तरी तिचा आशय मोलाचा आहे : मृतांचे स्मरण हे जिवंतांच्या सेवेत उतरले पाहिजे. चित्रकार सेल २०२२ साली निवर्तले. अंधार रंगवताना त्यातला माणूस हरवू न देण्याची त्यांची हातोटी येथे पानोपानी दिसते. एक उणीव मात्र जाणवते. संतांच्या पूर्वसंध्येवरील या पुस्तकात आशा फार थोडी आहे. नायकाचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले. त्या दुःखावर तो उभा आयुष्य झुंजतो, पण त्याला त्यात विसावा नाही. आशा नसलेल्यांप्रमाणे शोक करू नका, असे संत पौलाने थेस्सलनीकाकरांना का कळवले असावे, हे या पुस्तकाच्या निमित्ताने थोरल्या मुलांना नीट समजावता येईल.

मग अशी पुस्तके घराबाहेर ठेवावीत काय? हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे कॅथलिक शाळेच्या मुलांनी चित्रकथांची होळी केली. इतरत्रही तसे घडले. १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी चित्रकथांवर ग्रंथ लिहून मुलांच्या गुन्हेगारीचा दोष त्यांच्यावर ठेवला. बॅटमॅनही त्यातून सुटला नाही. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली आणि चालती प्रेते, रक्तपिपासू पिशाच्चे यांना बंदी केली. १९७१ साली हे नियम सैल झाले व २०११ साली ती व्यवस्थाच संपली. २०१२ साली कॅरल टिली या संशोधिकेने वर्थम यांची मूळ टिपणे तपासली, तेव्हा मुलांच्या कहाण्या त्यांनी आपल्या निष्कर्षास सोयीच्या करून मांडल्याचे उघड झाले. त्यांची कळकळ खरी असेल, परंतु सत्याला मुरड घालून मुलांचे रक्षण होत नाही. याच्या उलट, १९४६ ते १९७२ या काळात ‘ट्रेझर चेस्ट’ हे चित्रकथांचे नियतकालिक अमेरिकेतील कॅथलिक शाळांतून वाटले जाई. संतांची चरित्रे मुले त्यात आवडीने वाचत. जाळणाऱ्यांपेक्षा हा मार्ग आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

आपल्या महाराष्ट्रानेही भूतवीराचे स्वागत केले आहे. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ साली ‘फँटम’ निर्माण केला. कवटीच्या गुहेत राहणारा, बुरखाधारी, पिढ्यान् पिढ्या तोच असल्याचा भास निर्माण करणारा हा ‘चालता भूत’. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, ते १९९० पर्यंत चालले. मराठी आवृत्तीत फँटमचे नाव झाले वेताळ! १८५० साली नगर वाचन मंदिर स्थापन करणाऱ्या आमच्या करवीरनगरीत वाचनाचे कौतुक जुने. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेकांचे बालपण ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळ आणि इंद्रजालचा वेताळ यांच्या सोबतीने गेले आहे.

हे नाव निवडणाऱ्या अनुवादकाचे आम्हांस कौतुक वाटते. वेताळ हा भुतांचा अधिपती, पण कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदारही आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो व त्या झिजतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. अमेरिकेतल्या चालत्या भुताला याहून चपखल मराठी नाव कोणते मिळणार? फादर थॉमस स्टीफन्स यांनीही १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा इथला शब्द स्वीकारला होता. परमगुरू पहिले ग्रेगरी यांनी ६०१ साली मठाधिपती मेलिटस यांना कळवले होते, की इंग्लंडची देवळे पाडू नका, त्यांना नवा अर्थ द्या. जुन्या घरात नवा दिवा लावण्याची ही परंपरा आपलीच आहे.

आमचे शेजारी पितृपंधरवड्यात म्हाळ घालतात, तेव्हा गेलेल्या माणसांची नावे घराघरांत उच्चारली जातात. आपल्या किती मुलांना आजोबा-पणजोबांची नावे ठाऊक आहेत? आम्हांस भीती भुतांची वाटत नाही, या विस्मरणाची वाटते. मृतांविषयी घरात कोणी बोललेच नाही, तर मुलांना मृत्यूची ओळख भोपळ्याच्या मुखवट्यातूनच होणार.

तेव्हा पालकांनी पुस्तक हिसकावून घेऊ नये. ते आधी स्वतः वाचावे. दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत तिसरी कथा वाचण्यास हरकत नाही. गोळ्या वाटायच्या असतील तर जरूर वाटाव्यात, परंतु त्यामागचे जुने वचन मुलांना सांगावे आणि घरातील एका मृत व्यक्तीसाठी त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घ्यावी. १ नोव्हेंबरला मुलांना मिस्साबलिदानास आणावे, आणि २ नोव्हेंबरला दफनभूमीत त्यांच्याच हातून मेणबत्ती लावावी. कबरीवरील नाव त्यांना मोठ्याने वाचू द्यावे, आणि ते माणूस कोण होते, कसे जगले, हे तेथेच उभे राहून त्यांना सांगावे.