दुसऱ्या टोकाचा फलंदाज : कमल भांडारकर

१९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा पांढुर्णा-सौसरचा भाग मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून पुण्याचे मोठेपण आम्हाला आपले वाटते, इंदूरचे मात्र थोडे दूरचे. पण क्रिकेटचा इतिहास चाळला की ही दोन गावे एकाच माणसाच्या नावाशी जोडलेली दिसतात. ते नाव म्हणजे कमल भांडारकर.

व्यावसायिक क्रिकेट हा शब्द आपल्याकडे रुळण्यापूर्वीच होळकर संस्थानाने खेळाडूंना पोटापाण्याची हमी दिली होती. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ मध्ये इंदूरला गेले, ते होळकरांच्या सैन्यात अधिकारी म्हणून. होळकर संघ १९४१ ते १९५५ या काळात दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला.

त्यातले पहिले विजेतेपद १९४५-४६ चे. उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांची शतके! त्यात सागरला जन्मलेले चंदू सरवटे होते, खुद्द नायडू होते आणि १४२ धावा करणारे भांडारकरही होते.

डिसेंबर १९४८ मध्ये भांडारकर पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळत होते. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा सर्वांना ठाऊक आहेत. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असता काठियावाडच्या कर्णधाराने उपाहाराच्या वेळी सामना सोडून दिला. ही हळहळ अजूनही सांगितली जाते. पण त्या डावात दुसऱ्या टोकाला उभे राहून २०५ धावा कोणी केल्या, हे फारसे कोणी विचारत नाही. निंबाळकर-भांडारकर यांची दुसऱ्या गड्यासाठीची ४५५ धावांची भागीदारी जगात २५ वर्षांहून अधिक काळ सर्वोच्च होती. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये जेमसन-कन्हाय जोडीने ती मागे टाकली.

पुढे भांडारकरांनी पुण्यात मुलांना क्रिकेट शिकवले आणि प्रशिक्षक म्हणून नाव मिळवले. आम्हाला यात एक संगती दिसते. प्रशिक्षक म्हणजे तरी दुसरे काय? शतक शिष्याच्या नावावर लागते, गुरू दुसऱ्या टोकाला उभा असतो.

आज आपल्या घरातले मूल बॅट घेऊन निघाले की, ‘खेळून पोट भरते का?’ असे आपण विचारतो. होळकरांनी त्याचे उत्तर केव्हाच दिले होते: खेळाडूला आधार दिला की तो खेळतो. आपल्या तालुक्यात राजे नाहीत, पण मंडळे आहेत. मंडपाच्या खर्चातून दरवर्षी एका मुलाच्या सरावाचा भार उचलला, तर बाप्पा रागावणार नाहीत. त्या मुलाच्या डावात दुसऱ्या टोकाला आपणही उभे असू.

गणपती बाप्पा मोरया!