उष्णतेची वाट : माउंटन बाइकच्या ब्रेक पॅडच्या अभ्यासाची प्रस्तावना

माउंटन बाइकचा ब्रेक पॅड अंगठ्याच्या पेराएवढा असतो. त्यावरचा घर्षणाचा थर नवा असताना जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा. तो झिजला की पॅड काढायचा आणि दुसरा बसवायचा, एवढाच त्याच्याशी बहुतेकांचा संबंध. पण नवा पॅड घ्यायला दुकानात उभे राहिले की प्रश्न सुरू होतात. रेझिन घ्यावा की मेटल? पुढच्या चाकाला एक आणि मागच्याला दुसरा चालेल का? जुनी डिस्क तशीच ठेवावी का? पावसाळ्यात वेगळे काही लागते का? या प्रश्नांमागे एक मोठे आणि देखणे ज्ञानक्षेत्र उभे आहे. त्यात यंत्रशास्त्र आहे, धातुविद्या आहे, रसायन आहे आणि चिखलाची पारखही आहे. त्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करावे, आत काय काय पाहण्यासारखे आहे ते सांगावे, यासाठी ही प्रस्तावना.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. पॅडची निवड म्हणजे मुळात उष्णतेच्या वाटेची निवड. ब्रेक दाबला की गतीची उष्णता होते. त्यातली किती डिस्कमध्ये राहील, किती हवेत जाईल आणि किती पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या तेलापर्यंत पोहोचेल, यात पॅडच्या पदार्थाचा मोठा हात असतो. पकड, आयुष्य, लांब उतारावरचा भरवसा हे गुण याच गोष्टीशी जोडलेले आहेत. हा धागा हातात धरून पुढे गेले की सुटे वाटणारे नियम एकमेकांना सापडू लागतात.

माउंटन बाइकचा जन्मच उष्णतेच्या या प्रश्नापाशी झाला आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी मातीच्या रस्त्यावरून सायकली खाली सोडण्याची शर्यत लावली. चार्ली केली, जो ब्रीझ, गॅरी फिशर ही पुढे या खेळाच्या इतिहासात गेलेली नावे याच गोतावळ्यातली. सायकली जुन्या, जाडजूड टायरच्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटे फिरवले की लागणारा. सुमारे ४०० मीटर उंचीची उतरण संपेपर्यंत हब इतका तापे, की आतले ग्रीस धूर होऊन निघून जाई. पुढच्या फेरीआधी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्या कामावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले.

या उतरणीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सायकल आणि स्वार मिळून ९५ किलो धरले, तर ४०० मीटर खाली येताना सुमारे ३७० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. हवा आणि टायर त्यातला काही वाटा घेतात. उरलेली ब्रेकला पचवावी लागते. आजच्या सायकलीच्या दोन डिस्क मिळून ३०० ग्रॅमच्या धरल्या आणि ही सगळी ऊर्जा त्यांच्यातच साठून राहिली अशी कल्पना केली, तर पोलाद वितळू लागेल. ते वितळत नाही, कारण उघड्यावर फिरणारी डिस्क प्रत्येक फेऱ्याला उष्णता वाऱ्यावर सोडत असते. बंद हबपेक्षा डिस्क ब्रेक सरस ठरतो याचे एक मोठे कारण हे आहे.

घर्षणाच्या या विद्येची वंशावळ जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत पंधराव्या शतकाच्या अखेरीस घर्षणाचे नियम टिपलेले सापडतात. १६९९ मध्ये फ्रान्सच्या गियोम आमोंतों याने ते नव्याने मांडले : घर्षण दाबाच्या बळाच्या प्रमाणात वाढते आणि दिसणाऱ्या स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते. १७८५ मध्ये कुलोंबने त्यात मोलाची भर घातली. पुढे केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी दाखवून दिले, की दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेले दिसले तरी ते खरोखर भिडतात ते सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर. खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्राचा अगदी थोडा अंश असतो. त्यांचा ग्रंथ १९५० चा. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांचा अहवाल आला आणि घर्षण, झीज व वंगण यांचा एकत्रित अभ्यास स्वतंत्र शास्त्र म्हणून उभा राहिला.

आमोंतोंचा नियम वाचून चाणाक्ष वाचकाला लगेच शंका येईल : क्षेत्रफळाने घर्षण वाढत नसेल, तर चार पिस्टनच्या कॅलिपरला मोठे पॅड कशासाठी? मोठ्या पॅडमुळे घर्षण वाढत नाही. तीच उष्णता आणि तीच झीज मात्र जास्त पदार्थात वाटली जाते. पॅड कमी तापतो, अधिक टिकतो. ब्रेकचा जोर वाढतो तो पिस्टनच्या क्षेत्रफळाने आणि डिस्कच्या व्यासाने. १६० मिलिमीटरच्या जागी १८० ची डिस्क बसवली, तर बोटांच्या तेवढ्याच जोराला सुमारे १२ ते १३ टक्के अधिक रोध मिळतो, शिवाय तापायला पोलादही जास्त मिळते. असे प्रश्न विचारायची सवय लागली की या क्षेत्रात पाऊल पडलेच म्हणून समजावे.

ब्रेकच्या पदार्थांचा इतिहास घर्षणशास्त्राच्या समांतर चालतो. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या तांब्याच्या पॅडचा कर्कश आवाज ही तेव्हाची मोठी अडचण होती. हर्बर्ट फ्रूडने १८९७ च्या सुमारास ब्रेकसाठी खास घर्षणपदार्थ बनवण्याचा उद्योग सुरू केला आणि काही वर्षांत त्यात ॲस्बेस्टॉस आले. उष्णता सोसणारा हा तंतू ब्रेकसाठी फार सोयीचा; पण त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर जगाला पर्याय शोधावे लागले. आजच्या पॅडची पाककृती या शोधातून घडली. मोटारींत डिस्क ब्रेकची ताकद १९५३ च्या ल माँ शर्यतीत जॅग्वारच्या विजयाने ठसली. माउंटन बाइकवर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक रुळायला १९९० च्या दशकाची अखेर उजाडली.

आता विषयाच्या गाभ्याकडे येऊ. रेझिन किंवा ऑरगॅनिक पॅडमध्ये राळेसारखा बांधक असतो, बहुधा फिनॉलिक रेझिन. त्यात अरॅमिडसारखे तंतू ताकद देतात, ग्राफाइट घसरण सांभाळते, कठीण खनिजांचे कण डिस्कला किंचित खरवडत राहतात आणि बाकीची जागा भरण खनिजे घेतात. हा पदार्थ उष्णतेचा मंद वाहक. म्हणून उष्णता पॅडच्या तोंडाशी आणि डिस्कमध्येच राहते, तेल थंड राहते. थंड असतानाच पकड चांगली मिळते, आवाज कमी होतो. पण लांब उतारावर तोंडाशी साठलेली उष्णता बांधकालाच जाळू लागते. त्यातून वायू सुटतात, पकड उतरते आणि पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊन बसतो.

मेटल पॅड, म्हणजे सिंटर्ड पॅड, वेगळ्या कुळातला. तांबे, कथिल, लोखंड यांसारख्या धातूंची भुकटी आणि ग्राफाइट एकत्र दाबून, वितळणबिंदूच्या खाली तापवून कण एकमेकांना जोडले जातात. जळून जाईल असा बांधकच यात नाही. त्यामुळे तापल्यावर पकड टिकते आणि चिखलाच्या कणांनाही तो दाद देत नाही. मात्र तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेते. जी उष्णता रेझिन पॅड अडवून धरतो ती मेटल पॅड कॅलिपरकडे सोडतो. डॉट ५.१ दर्जाचे ब्रेक ऑइल ताजे असताना किमान २६० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे; त्याने हवेतले पाणी शोषल्यावर ही मर्यादा १८० वर येते. तेल उकळले की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर थेट हँडलला टेकतो. म्हणून मेटल पॅड घेणाऱ्याने तेलाकडेही लक्ष द्यायला हवे.

इथे निदानाचा एक साधा नियम हाती येतो. उतारावर लिव्हर घट्ट आहे पण सायकल थांबत नाही, तर दोष पॅडच्या पृष्ठभागात शोधावा. लिव्हरच मऊ पडला, तर तेलात. दोन्हींवरचे उपाय वेगळे, आणि नुसते पॅड बदलून दुसरा दोष जात नाही.

या दोन कुळांच्या मध्ये सेमी-मेटॅलिक पॅड येतात. त्यांत रेझिनच्या बांधकातच धातूचे तुकडे किंवा तंतू मिसळलेले असतात आणि गुणही मधले येतात. पॅडच्या पाठीची पट्टीसुद्धा उष्णतेच्या वाटेवरचा एक टप्पा आहे. ॲल्युमिनियमची पट्टी उष्णता चटकन वाहून नेते, पोलादाची त्याहून सावकाश, टायटॅनियमची सर्वांत हळू. काही पॅडना बाहेर डोकावणारे ॲल्युमिनियमचे पंख असतात, ते पाठीपर्यंत आलेली उष्णता तेलाआधी वाऱ्याला देण्यासाठी.

या क्षेत्रातला मला सर्वांत मोहक वाटणारा भाग पॅड आणि डिस्क यांच्या मधोमध आहे. फ्रेंच संशोधक मोरिस गोदे यांनी घर्षणात ‘तिसऱ्या पदार्थाची’ संकल्पना मांडली : घासणाऱ्या दोन पृष्ठभागांच्या मध्ये त्यांच्याच झिजेतून एक थर तयार होतो आणि पुढचे बरेचसे घर्षण त्या थरावर ठरते. नवा पॅड बसवल्यावर तो रुळवावा लागतो, याचे कारण हेच. मध्यम वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडकवता, वीसेक वेळा ब्रेक लावायचा; मग थोड्या जास्त वेगावरून आणखी दहाएक वेळा. एवढ्याने पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो. घाईत चाक अडकवले तर तो थर डागाडागांनी बसतो आणि ब्रेक थरथरतो, किंचाळतो. जुन्या डिस्कवर वेगळ्या जातीचा पॅड बसवायचा असेल, तर आधीचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा पहिल्यापासून रुळवणे इष्ट. साखळीला मारलेला वंगणाचा फवारा डिस्कवर उडाला तर हा थर बिघडतो; तेल पॅडच्या छिद्रांत मुरले, तर बहुतेक वेळा पॅड बदलणेच शहाणपणाचे.

निवडीच्या काही अटी मात्र चर्चेपलीकडच्या आहेत. पॅडचा आकार कॅलिपरप्रमाणे ठरतो. एकाच कंपनीच्या दोन ब्रेकचे पॅडही एकमेकांना बसतील असे नाही, म्हणून जुन्या पॅडवरचा किंवा कॅलिपरवरचा क्रमांक पाहूनच खरेदी करावी. काही डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरावेत अशी सूचना कोरलेली असते. त्यांचे पोलाद मऊ असते आणि मेटल पॅड ते भराभर खातो. शिमानोच्या सूचनांनुसार पॅडचा थर ०.५ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावा आणि डिस्क १.५ मिलिमीटरवर आली की डिस्क. ही मापे व्हर्नियर कॅलिपरने घरी घेता येतात.

आपल्या सह्याद्रीत हा विषय ऋतूप्रमाणे रूप बदलतो. उन्हाळ्यात कोरड्या मुरमाच्या उतारावर आणि छोट्या फेऱ्यांसाठी रेझिन पॅड शांतपणे काम करतो. जूननंतर पाण्यात मिसळलेली माती आणि दगडाचा बारीक चुरा पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरून पॉलिश पेपरचे काम करतो. चिखलातल्या एखाद्या लांब दिवसात रेझिनचा थर संपूनही जातो. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या, सामान लादलेल्या किंवा मुळात वजनदार स्वाराला अशा दिवसांत मेटल पॅड अधिक भरवशाचा. पुढचे चाक ब्रेकचा मोठा भार उचलते, तर मागच्यावर चिखल जास्त उडतो. म्हणून दोन चाकांना दोन जातींचे पॅड लावणेही पूर्ण तर्कसंगत आहे, फक्त प्रत्येक कॅलिपरमधली जोडी एकाच जातीची हवी.

या क्षेत्रात अजून बरेच काम बाकी आहे, आणि नव्या अभ्यासकाला ते खुणावणारे आहे. अमेरिकेत मोटारीच्या ब्रेकच्या घर्षणपदार्थावर घर्षणगुणांकाची अक्षरे छापण्याची पद्धत आहे. ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. सायकलच्या पॅडच्या पाकिटावर असे काही सहसा नसते. आयएसओ ४२१० हे मानक संपूर्ण सायकलीच्या ब्रेकची चाचणी सांगते, पण दुकानात दोन पॅडची तुलना करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. धुळीचा प्रश्नही आहेच. पॅडमधले तांबे नदीनाल्यांत जाऊन माशांना अपाय करते, म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये मोटारींच्या पॅडमधले तांबे कमी करण्याचे कायदे केले. आपण ज्या ओढ्यांतून सायकल नेतो त्यांच्यासाठी हा विचार सायकलस्वारांनीही करायला हवा.

अभ्यासाला प्रयोगशाळा लागत नाही. झिजलेला पॅड फेकण्याआधी उजेडात धरून वाचावा. एका बाजूने जास्त झिजला असेल तर कॅलिपर सरळ बसलेला नाही. जोडीतला एकच झिजला असेल तर एक पिस्टन अडकतो आहे. पृष्ठभाग चकाकत असेल तर तो प्रमाणाबाहेर तापला, खोल चरे असतील तर वाळूकण शिरले. पाकिटावर बसवल्याची तारीख, वाटा, ऋतू आणि उरलेली जाडी लिहून ठेवावी. अशा नोंदी पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, गोवा इथल्या स्वारांनी ठेवल्या आणि एकमेकांना दाखवल्या, तर इथल्या मातीवर, इथल्या पावसात कोणता पदार्थ कसा वागतो याचे ज्ञान मराठीत उभे राहील. ते आयते कुठे मिळणार नाही. ज्यांच्या सायकली या डोंगरांतून उतरतात त्यांनीच ते लिहायचे आहे, आणि त्या कामात प्रत्येक वाचकाचे मनापासून स्वागत आहे.