न लढलेला तट

फ्लॉरेन्सहून सकाळच्या आगगाडीने निघाले, की दीडएक तासात लुक्का येते. स्थानकाबाहेर पडताच समोर विटांचा तट दिसतो. आपल्याकडे तट म्हटला, की ढासळलेला बुरूज आणि तोफेने पाडलेले भगदाड डोळ्यांपुढे यावयाचे. येथे चार किलोमीटरांहून लांब, सुमारे बारा मीटर उंच तटावर युद्धाची एकही खूण नाही. त्याला वेढा कधी पडलाच नाही.

रेशमाच्या व्यापारावर गबर झालेल्या या चिमुकल्या प्रजासत्ताकाला धास्ती होती ती शेजारच्या फ्लॉरेन्सची. सोळाव्या शतकाच्या आरंभी काम निघाले, ते सतराव्याच्या मध्यापर्यंत चालले. तोफगोळा रुतून बसावा म्हणून विटांमागे मातीचा प्रचंड भराव घातला. शत्रूला आडोसा नको म्हणून बाहेरची झाडे तोडली. चार-पाच पिढ्यांची मिळकत अशी मातीत गेली. पुढे 1799 मध्ये फ्रेंच फौजा आल्या, त्या वेळी तटावर लढाई झालीच नाही. तट शाबूत राहिला, प्रजासत्ताक गेले. 1805 मध्ये नेपोलियनने हे राज्य आपली बहीण एलिझा हिला देऊन टाकले.

उरलेला पैसा कोठे गेला, हे पाहावयाचे तर दुपारी गावाबाहेर मार्लियाला जावे. व्यापारी सरदारांनी टेकड्यांच्या पायथ्याशी उद्यानगृहे बांधली, त्यांतले हे एक. ओर्सेत्ती घराण्याचे हे घर 1806 मध्ये एलिझाने घेतले. राज्यकर्तीला नाही म्हणणे कोणाला परवडते? तिने बाग वाढविली, पण सतराव्या शतकातील हरित रंगमंच मात्र तसाच ठेवला. त्याच्या भिंती, विंगा, सारे काही कातरलेल्या झाडोऱ्याचे. मधून विनोदी नाट्यातील पात्रांचे मातीचे पुतळे डोकावतात. थोर व्हायोलिनवादक पागानीनी तिच्या दरबारी चाकरीस होता.

तट कामास आला तो 1812 मध्ये. सेर्क्यो नदीला महापूर आला, तेव्हा वेशींची दारे बंद करून लोकांनी पाणी बाहेर थोपविले. खुद्द एलिझाला यारीने तटावरून आत घ्यावे लागले, असे सांगतात. एवढ्या खर्चाने बांधलेल्या तटाला अखेर शत्रू मिळाला तो पाण्याचा!

पुढे एकोणिसाव्या शतकात तटाच्या माथ्यावर वृक्षराजी लावून फिरावयाचा रस्ता केला. तिन्हीसांजेला गावकरी तेथे मुलांना घेऊन, सायकली घेऊन येतात. सावकाश चालले तरी फेरी तास-सव्वा तासात पुरी होते, आणि फ्लॉरेन्सची परतीची गाडी सहज मिळते.