पडवीतली बाज

आंबे उतरवताना माणूस झाडावरून पडला की आटगावच्या आसपासच्या पाड्यांवर घोंगडीची झोळी करायचे, ती बांबूला लटकवायचे आणि दोघंजण खांद्यावर घेऊन डांबरी रस्ता गाठायचे. गाडीच येत नव्हती तिथं करणार काय? पण मणका मोडलेला माणूस झोळीत दुमडतो आणि आतला मज्जारज्जू आणखी चेपतो. फळीवर सरळ निजवून नेलं असतं तर काहींचे पाय वाचले असते, असं मी फिजिओथेरपीत जन्म काढल्यावर म्हणतोय.

पुढची रीत त्याहून वाईट. ‘कमरेखालचं गेलं’ म्हटलं की पडवीत बाज टाकायची. पाठीला जखमा व्हायच्या, लघवीत पू व्हायचा आणि माणूस त्यानंच जायचा. याला अडाणीपणा म्हणू नका. दुसऱ्या महायुद्धापर्यंत विलायतेतल्या डॉक्टरांनीही अशांची आशा सोडलेली असायची. 1944 साली तिथल्याच स्टोक मँडेव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गटमननं दर दोन तासांनी कूस बदलायचा नेम लावला, रोग्यांना खेळायला लावलं. आपल्याकडे 1955 मध्ये हाजी अलीला पुनर्वसन संस्था निघाली, 1974 मध्ये खडकीला जायबंदी जवानांचं केंद्र. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्यातलं सुवर्णपदक घेऊन आले. आटगावहून हाजी अलीला जायचं म्हणजे कसारा लोकल, दादरला गाडी बदलून महालक्ष्मी, तेही माणूस पाठुंगळी घेऊन. कितीजण जाणार?

म्हणून सराव घरीच द्यावा लागतो, आणि त्याला अर्थ आहे. मेंदूपासून तुटलेला मज्जारज्जूही शिकतो, हे आधी मांजरांवर दिसलं. फिरत्या पट्ट्यावर सराव दिला तर त्यांचे मागचे पाय पुन्हा पावलं टाकतात. माणसाचं इतकं सोपं नाही. काही तंतू शाबूत असले तर आशा जास्त. मी कंबर धरतो, टाच आधी टेकवतो, गुडघा सरळ करून भार पायावर येऊ देतो. तळव्यातून वर जाणारी ती खबर हवी. नुसतं तेल चोळून ती जात नाही. 2011 मध्ये अमेरिकेत मज्जारज्जूला विजेची चेतना देऊन लुळ्या तरुणाला उभं केलं, त्याआधी दोन वर्षं नुसता सराव चालला होता. सरावही लागला, वीजही.

आमच्याकडे सराव मोडतो तो भातलावणीत. घरात असा माणूस असेल तर त्या दिवसांतही त्याला सकाळ-संध्याकाळ बसवा, कूस बदला. घोटा फिरवायला तर शाळकरी पोरालाही शिकवता येतं.