अर्ध्या तासाची सुट्टी



एक साधा प्रश्न: आज दुपारी तुम्ही कुठे जेवलात? गेल्या वर्षीपर्यंत माझं उत्तर ठरलेलं होतं. कीबोर्डशेजारी, डबा उघडा ठेवून, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात माउस. जूनमध्ये ३० तारखेला आर्थिक वर्ष संपतं, ही आम्हा अकाउंटंट लोकांची हुकमी सबब. पण खरं सांगते, मार्चमध्येही मी तशीच जेवायचे. मग रात्री तीनला जाग यायला लागली, छातीत धडधड, कारण नसताना मुलीवर ओरडणं. शेवटी इथे क्लेटनमध्येच डॉक्टरांकडे गेले, तर त्यांचा पहिला प्रश्न: दुपारी जेवायला उठता का?

तेव्हा मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले.

लोखंड्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. आधी रेल्वेत, मग पोस्टात आणि नंतर मुंबईत एका कापडगिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे नोंदवह्यांचा माणूस, आमच्याच जातकुळीचा! गिरण्या तेव्हा उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायच्या. उन्हाळ्यात दिवस मोठा, की कामही मोठं. १८८० पासून ते 'दीनबंधू' चालवत होते आणि त्यात गिरणी कामगारांची बाजू मांडत होते.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा झाली. साडेपाच हजार लोकांनी अर्जावर सह्या-अंगठे केले. मागण्या बघा: रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्याहून जास्त नाही. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. अपघात झाला तर भरपाई. साडेसहा ते सूर्यास्त ही तक्रार नाही हं, ही मागणी होती! आणि दुपारचा तो अर्धा तास त्यांना अर्ज करून मागावा लागत होता. मला तो करारात लिहून मिळालाय आणि मी तो फुकट परत करत होते.

मालकांनी सहा वर्षं दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १८९० साली, एवढ्या गर्दीसमोर! शेवटी १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. व्हॉट्सॲपवर फिरतं तशी ही अख्ख्या देशाची सुट्टी नव्हती, सरकारी कचेऱ्या रविवारी आधीपासूनच बंद असत. प्रश्न गिरणीतल्या माणसांचा होता. रविवार हा खंडोबाचाही वार, असं लोखंड्यांनी मालकांना सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. लोखंडे मात्र १८९७ च्या प्लेगमध्ये गेले, पन्नाशीही न गाठता.

आपण राहतो ते शहरही याच भांडणातून गेलंय. २१ एप्रिल १८५६ ला मेलबर्नचे पाथरवट हत्यारं खाली ठेवून युनिव्हर्सिटीपासून पार्लमेंट हाऊसपर्यंत चालत गेले. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे. ट्रेड्स हॉलसमोर रसेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ८-८-८ लिहिलेला खांब आहे. मुलांना सिटीत नेलंत की दाखवा. हे बांधकामवाल्या पुरुषांना मिळालं. घरी त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईचे आठ तास कोणी मोजले नाहीत. आजही कुठे मोजतात?

आता आपला रविवार काढा. सकाळी स्विमिंग, मग सिलेक्टिव्ह स्कूलचं कोचिंग, मराठी शाळा, आठवड्याची भाजी, पोळ्या करून फ्रीझरमध्ये, आणि साडेचार तास मागे असलेल्या आईबाबांना फोन, त्यांची दुपारची झोप सांभाळून. यातलं काहीच वाईट नाही. पण सोमवारी आपण जास्त दमलेल्या असतो.

मी फार काही केलं नाही. दुपारी अर्धा तास बाहेर, डबा घेऊन, फोन टेबलावर ठेवून. रविवारी कोचिंग बंद. यावर घरात बरंच वाजलं. ऑगस्ट २०२४ पासून इथे कामाचे तास संपल्यावर बॉसचे मेसेज न बघण्याचा हक्क कायद्यात आलाय, तोही वापरते. पण झोप उडालेली राहिली, रडू येत राहिलं, तर सवयींवर भागवू नका. जीपीकडे जा, मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन मागा. मेडिकेअर असेल तर वर्षाला सायकॉलॉजिस्टच्या दहा सेशन्सपर्यंत रिबेट मिळतो. अगदीच असह्य झालं तर लाइफलाइनला १३ ११ १४ वर कधीही फोन करा.

बाकावर पहिल्या दिवशी अकराव्या मिनिटाला मी आत पळाले होते. थंडी, वारा, आणि डोक्यात एक बीएएस. या आठवड्यात एकदा सव्वीसपर्यंत गेले. तुमचा आकडा खाली लिहा.