ई-मेलचे कूटलेखन आणि खासगीपणाचे रक्षण : धर्मग्रामातील कार्यशाळेसाठी मार्गदर्शन

धर्मग्रामाच्या कार्यालयाचा बराचसा पत्रव्यवहार आता ई-मेलने होतो. विवाहपूर्व चौकशीची कागदपत्रे, बाप्तिस्म्याचे दाखले, शिक्षणसाहाय्यासाठी व औषधोपचारासाठी केलेले अर्ज, समुपदेशनासाठी आलेल्या दांपत्यांची पत्रे, परदेशी नोकरीसाठी पाठविलेल्या पासपोर्टच्या प्रती, अशा प्रत्येक कागदात कुणाचे तरी जीवन आणि कुणाची तरी अब्रू सामावलेली असते. ती जपण्याचे एक साधन म्हणजे कूटलेखन. हे साधन एकट्याने शिकणे अवघड असते; परस्परांच्या सोबतीने ते लवकर साध्य होते. म्हणून ही कार्यशाळा.

कूटलेखन म्हणजे काय?

साधा ई-मेल आज बहुधा एका सर्व्हरपासून दुसऱ्या सर्व्हरपर्यंत सुरक्षित मार्गाने जातो. परंतु तेथे पोहोचल्यावर तो सेवा देणाऱ्या कंपनीला वाचता येईल अशा स्वरूपात राहतो. खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्यालाही तो वाचता येतो. पत्र पाठविणारा व पत्र स्वीकारणारा या दोघांखेरीज कुणालाही मजकूर उलगडू नये अशी जी व्यवस्था, तिला संपूर्ण कूटलेखन म्हणतात.

तिचे तत्त्व चर्चमधील दानपेटीवरून समजते. पेटीत कुणीही दान टाकू शकतो. उघडण्याची किल्ली मात्र विश्वस्ताकडेच असते. त्याचप्रमाणे कूटलेखनात प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात. ‘सार्वजनिक किल्ली’ सर्वांना द्यावयाची. तिने मजकूर बंद होतो. ‘खासगी किल्ली’ स्वतःजवळ ठेवावयाची. तिनेच तो उघडतो. ही कल्पना डिफी व हेलमन या संशोधकांनी १९७६ साली मांडली. १९९१ साली अमेरिकेतील फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ ही आज्ञावली प्रसिद्ध करून ती सामान्य माणसाच्या संगणकावर आणली. त्यापायी त्यांच्यावर सरकारी चौकशीही झाली. १९९६ साली ती थांबविण्यात आली. याच पद्धतीचे खुले मानक ‘ओपनपीजीपी’ म्हणून ओळखले जाते.

ख्रिस्तसभेची शिकवण

‘खोटी साक्ष देऊ नको’ या आज्ञेच्या विवेचनात कॅथोलिक धर्मशिकवणीचा ग्रंथ इतरांच्या खासगी जीवनाविषयी योग्य संयम बाळगण्यास सांगतो (क्र. २४९२). १९८३ च्या कॅनन लॉमधील २२०वा नियम स्पष्ट आहे : कुणाच्याही सुकीर्तीला अन्यायाने बाधा आणू नये आणि खासगीपणा जपण्याचा कुणाचाही हक्क डावलू नये. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

प्रायश्चित्त संस्काराला मात्र, कूटलेखन कितीही पक्के असले तरी, ई-मेलवर स्थान नाही. इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत हे व्हॅटिकनने २००२ सालीच सांगितले आहे.

अशा कार्यशाळांचा पूर्वेतिहास

१९९९ साली अमेरिकेत व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी बारा जणांना दीड तास देऊन पीजीपी वापरावयास सांगितले. सुमारे एकतृतीयांश व्यक्तींनाच ते नीट जमले. तिघांनी तर जे गुप्त ठेवावयाचे तेच चुकून उघड्या स्वरूपात पाठविले. ही मंडळी ई-मेल वापरणारी, सुशिक्षित होती. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता. साधनच अवघड होते आणि शेजारी समजावून सांगणारे कुणी नव्हते.

ही उणीव भरून काढणारी ‘क्रिप्टोपार्टी’ नावाची चळवळ २०१२ साली ऑस्ट्रेलियात, तेथील नव्या सायबर कायद्याच्या पार्श्वभूमीवर, सुरू झाली. जाणकारांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकत्र बसवून विनामूल्य शिकवावे, हा तिचा साधा नियम. ती लवकरच अनेक देशांत पसरली. आपल्या लहान ख्रिस्ती समूहांना ही रीत परकी वाटू नये.

कार्यशाळेची आखणी

एका वेळी बारा-पंधरा व्यक्ती आणि तीन-चार मदतनीस पुरेत. वेळ तीन तास. थंडरबर्ड ही विनामूल्य आज्ञावली प्रत्येकाने घरूनच संगणकावर घालून आणावी. २०२० पासून तिच्यात ओपनपीजीपीची सोय अंतर्भूत आहे.

पहिला तास : खात्याची सुरक्षा. लांब व वेगळा पासवर्ड, दोन टप्प्यांची पडताळणी, मोबाईलला कुलूप. घराचे दार उघडे ठेवून तिजोरीला कुलूप लावण्यात अर्थ नाही.

दुसरा तास : किल्ल्यांची जोडी तयार करणे. खासगी किल्लीची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती घरी कुलपात ठेवावी. ही किल्ली हरवली तर जुनी पत्रे कायमची बंद होतात. कोणतीही कंपनी ती उघडून देऊ शकत नाही.

तिसरा तास : दोघादोघांच्या जोड्या. सार्वजनिक किल्ल्यांची देवाणघेवाण करावी, किल्लीचा ‘ठसा’ म्हणजे चाळीस अक्षरांची खूण एकमेकांना समोरासमोर वाचून दाखवावी, मग एक पत्र पाठवून ते उघडून पाहावे. किल्ली खरोखर त्याच व्यक्तीची आहे याची खात्री ओळखीच्या माणसासमोर बसूनच उत्तम होते.

मदतनिसांनी दुसऱ्याच्या कळफलकाला हात लावू नये. तोंडी सांगावे, काम त्यालाच करू द्यावे. सरावासाठी खरी कागदपत्रे आणू नयेत. छायाचित्रे काढू नयेत. ज्येष्ठांना घाई करू नये.

मर्यादा

कूटलेखनाने मजकूर झाकला जातो. परंतु कुणी, कुणाला व केव्हा लिहिले हे उघडच राहते. विषयाची ओळही पुष्कळदा उघडी राहते, म्हणून तेथे नाव वा प्रकरण लिहू नये. पत्र उघडल्यावर समोरच्याने ते इतरांना दाखविले तर कोणतीही किल्ली उपयोगी नाही. फसव्या पत्रांपासूनही ती वाचवीत नाही. ओटीपी कुणालाही सांगू नये आणि पैशांची फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. रोजच्या निरोपांसाठी ज्यांना हे सारे जड वाटते त्यांनी सिग्नल वापरावे. तेथे संपूर्ण कूटलेखन आपोआप होते.

खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे

कार्यशाळेत हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. गोपनीयता दुर्बलाच्या रक्षणासाठी असते, अपराध्याच्या आश्रयासाठी नव्हे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. त्याच कायद्याने बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई केली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांतील ‘परमपीठीय गुप्तता’ रद्द केली. अपराध योग्य अधिकाऱ्यांसमोर यावा आणि पीडिताचे नाव गावभर होऊ नये, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळावयाची आहेत.

आपल्यावर विश्वासून सोपविलेले दुसऱ्याचे गुपित ही आपली मालमत्ता नव्हे. ती ठेव आहे. ज्या धर्मग्रामात अशी दहा माणसे किल्ल्या बाळगू लागतील, तेथे अडचणीत सापडलेली एखादी भगिनी आपल्या धर्मगुरूंना निर्धास्तपणे लिहू शकेल. कार्यशाळेचे यश त्यावरूनच मोजावे.