कुंडीतल्या फुलांचा प्रवास

पुण्यामुंबईकडील कोणत्याही सुशिक्षित कुटुंबाच्या गॅलरीकडे दृष्टी टाकली, तर तेथे चारपाच कुंड्या हटकून आढळतात. एके काळी कुंडीचे काम रॉकेलचा कापलेला डबाही करीत असे. त्यांत एक तुळस, एक मोगरा, कठड्याबाहेर झुकलेली बोगनवेल, कोपऱ्यात सदाफुली, आणि दसऱ्याच्या सुमारास झेंडूची दोन रोपे एवढा परिवार बहुधा असतोच. यांपैकी तुळस आणि मोगरा ही घरची मंडळी होत. बाकीची सारी पाहुणी आहेत. पण ती इतकी रुळली आहेत की त्यांना कोणी पाहुणे म्हणत नाही.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. गुलछडीही त्याच देशची. गुलबक्षी उष्ण अमेरिकेतील, सदाफुली मादागास्कर बेटातील आणि बोगनवेल ब्राझीलमधील. दसऱ्याचे तोरण आज झेंडूवाचून कोणाला सुचणार नाही. तथापि 16 व्या शतकात पोर्तुगीजांनी पूर्वपश्चिमेचे दळणवळण सुरू करण्यापूर्वी या देशाला झेंडू ठाऊक नव्हता. आपल्याकडील धर्मशील गृहिणीने परदेशच्या फुलाला इतक्या निःशंकपणे देवापुढे ठेवावे, ही गोष्ट पुष्कळ वादविवादांहून अधिक बोलकी आहे.

ही पाहुणी येथे टिकली, याचे कारण ती उष्ण देशांतून उष्ण देशात आली. जी थंड प्रदेशांतून आली, त्यांचा इतिहास निराळा आहे. 19 व्या शतकात येथे आलेल्या इंग्रज कुटुंबांना आपल्या गावाकडची फुले येथे फुलवावीत अशी स्वाभाविक इच्छा होई. पॅन्सी, स्वीट पी यांची बियाणी विलायतेहून येत. विलायतेच्या ऋतूप्रमाणे ती वसंतात पेरली, की एप्रिल-मेच्या झळांनी रोपे करपत, आणि त्यांतून वाचलेली पावसाळ्यात कुजत. यात केवळ दिवसाच्या उन्हाचाच दोष नव्हता. दिवसा पानांनी तयार केलेले अन्न वनस्पती रात्री श्वसनात खर्च करते. रात्र जितकी उष्ण तितका हा खर्च मोठा. थंड देशच्या झाडाला आपल्याकडील उन्हाळी रात्र कर्जबाजारी करून सोडते. म्हणून ही फुले पावसाळा सरताना पेरावीत आणि हिवाळ्यात पाहावीत, हे येथे राहणाऱ्यांना अनुभवाने शिकावे लागले. कलकत्त्यास 1820 मध्ये विल्यम कॅरीच्या पुढाकाराने आणि पश्चिम भारतात 1830 मध्ये ज्या कृषी व उद्यान संस्था स्थापन झाल्या, त्यांच्या बागांतून हा अनुभव साठत गेला. मुंबईचा राणीचा बाग आणि पुण्याची एम्प्रेस गार्डन या पश्चिम भारतातील संस्थेशीच निगडित आहेत. गणेशखिंडीच्या बागेवर देखरेख करणाऱ्या वुड्रो साहेबाने या विषयावर ग्रंथही लिहिला. ज्या माळ्यांच्या हातांनी हे सारे प्रयोग झाले, त्यांची नावे मात्र सहसा सापडत नाहीत.

झेंडू, गुलबक्षी, सदाफुली यांचा प्रवास सोपा होता, कारण त्यांचे बी कागदाच्या पुडीतून येऊ शकते. गुलछडीचा कंदही कोरडा राहून प्रवास सोसतो. खरी अडचण जिवंत रोपाची असे. जहाजावर गोडे पाणी मोजके. ते माणसांनाच पुरत नसे, तेथे रोपांना कोण देणार? खाऱ्या पाण्याचे तुषार पानांवर बसत आणि पाने जळून जात. सावलीसाठी कुंड्या खाली ठेवाव्यात, तर उजेडाअभावी रोपे पिवळी पडून मरत. अशा सफरीत लावलेल्या रोपांपैकी अगदी थोडीच मुक्कामाला जिवंत पोहोचत.

हा प्रश्न सुटला तो एका डॉक्टराच्या फसलेल्या छंदातून. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागात वैद्यकी करीत. त्यांना नेच्यांचा शोक होता, पण कोळशाच्या धुराने त्यांचे नेचे जगत नसत. 1829 मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बाटलीत घालून वर झाकण बसविले. पतंगाचे पुढे काय होते याकडे त्यांचे लक्ष. परंतु मातीतून एक नेचा आणि थोडे गवत उगवून आले, आणि पाण्याचा थेंबही न घालता जगले. दिवसा मातीतील ओलावा वाफ होऊन वर जाई, काचेवर त्याचे थेंब जमत आणि ते पुन्हा मातीत उतरत. धूर आत येत नसे आणि ओलावा बाहेर जात नसे. यावरून वॉर्ड यांनी काचेच्या बंद पेट्या करविल्या. 1833 मध्ये दोन पेट्या भरून रोपे लंडनहून सिडनीस रवाना झाली व सुखरूप पोहोचली. परतीच्या सफरीत त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातील झाडे आली. केप हॉर्नजवळ डेकवर बर्फ पडले, विषुववृत्तावर डेक तापला. आतली रोपे हिरवीच राहिली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने 1848 ते 1851 या काळात चीनमधून चहाची सुमारे 20,000 रोपे हिमालयाच्या पायथ्याकडे आणली, ती अशाच पेट्यांच्या आधाराने. म्हणजे सकाळच्या चहाच्या इतिहासातही त्या बाटलीतल्या नेच्याचा वाटा आहे. चीनने जे गुपित जपले होते ते अशा रीतीने नेले गेले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

याच पेट्यांच्या युगात, 1860 च्या सुमारास, बोगनवेल कलकत्त्यास आली. यूरोपीय विद्वानांना तिची ओळख त्यापूर्वी सुमारे 90 वर्षे झाली होती. फ्रान्सचा नाविक बूगनव्हिल 1766 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. त्याच्या ताफ्यात फिलिबेर कॉमेर्सों हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. 1767 मध्ये रिओ दि जानेरोजवळ ही काटेरी वेल या मंडळींच्या हाती लागली, आणि प्रमुखाचे नाव तिला मिळाले. कॉमेर्सोंच्या पायाला दुखणे जडले होते. डोंगरकपारी चढून झाडे गोळा करण्याचे पुष्कळसे काम त्याचा नोकर करी. हा नोकर म्हणजे पुरुषवेषातील झान बारे ही स्त्री होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर स्त्रियांना मनाई असल्याने तिने वेष पालटला होता. ताहिती बेटावर 1768 मध्ये हे उघडकीस आले, असे बूगनव्हिलने लिहून ठेवले आहे. कॉमेर्सों 1773 मध्ये मॉरिशसला वारला. बारे पुढे फ्रान्सला परतली आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. 1785 मध्ये तिला वर्षाला 200 लिव्हर पेन्शन मंजूर झाली. बोगनवेल प्रथम तिच्याच हाती लागली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. नाव मात्र कप्तानाचे राहिले. तिचे नाव एका वनस्पतीला अखेर 2012 मध्ये मिळाले, आणि ती आहे वांग्या-बटाट्याच्या कुळातील.

ज्या श्रोत्यांच्या घरी बोगनवेल आहे आणि फुलत नाही, त्यांनी आपल्या प्रेमाचा हात थोडा आखडता घ्यावा. या वेलीची खरी फुले पांढुरकी व चिमुकली असतात. भोवतालची रंगीत दिसतात ती पाने. मुबलक पाणी आणि खत मिळाले की ती नुसती हिरवी पसरते. माती कोरडी पडली, कुंडी अपुरी झाली, म्हणजे ती रंगावर येते.

कुंडीविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. भाजक्या मातीची कुंडी पाझरते, आणि माठातील पाणी ज्या रीतीने गार होते त्याच रीतीने मुळे गार राहतात. पत्र्याचा डबा उन्हात तापतो आणि मुळे शिजवितो. तेथे झाड गेले तर बिचाऱ्या माळ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ऐन वैशाखात लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी. तळाशी विटांचे तुकडे असावेत, म्हणजे पावसाळ्यात पाणी तुंबत नाही.

सदाफुलीला यांतले काहीही लागत नाही. भिंतीच्या भेगेतही ती बारा महिने फुलते, म्हणूनच कदाचित तिची किंमत कोणी केली नाही. कॅनडातील नोबल आणि बीअर या संशोधकांनी मधुमेहावरील औषध म्हणून तिची परीक्षा केली. मधुमेहावर गुण आला नाही. पण तिच्या अर्काने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात असे दिसले, आणि 1958 मध्ये तिच्यापासून रक्ताच्या व अन्य कर्करोगांवरील औषध हाती आले.

आणि घरचा मोगरा? तोही प्रवासाला गेला. बटमोगऱ्याच्या एका जातीला यूरोपात तस्कनीच्या ग्रँड ड्यूकचे नाव आहे, आणि ते रोप 17 व्या शतकाच्या अखेरीस गोव्याहून तिकडे गेले अशी कथा सांगतात. यूरोपच्या हिवाळ्यात त्याला काचघरात ठेवावे लागे. येथे त्याला हिवाळा विश्रांतीसाठी हवा असतो: डिसेंबरात पाणी तोडावे, जानेवारीत फांद्या छाटून मुळांवरची माती सैल करावी, शेणखत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. होळीच्या सुमारास पहिली कळी दिसते.